एक फौज घेऊ नका, दोन लहान घ्या

प्रश्न थोडक्यात असा: राहायला निपाणीत, नोकरी बेळगावात. फँटसी मिनिएचर-युद्धखेळाचे (लहान आकृत्यांच्या फौजा टेबलावर लढवायच्या) व्हिडिओ बघून आवड लागली. मोठा स्टार्टर बॉक्स घेऊन हळूहळू २००० पॉइंट्सची (पॉइंट्स म्हणजे आकृत्यांची खेळातली किंमत) फौज उभी करायची, असं मनात आहे. रंगकाम येत नाही, आसपास खेळणारं कुणी ओळखीचं नाही. मग कोणती फौज घ्यावी?

एक फौज घेऊच नका. दोन घ्या, आणि लहान घ्या.

मोठ्या शहरात माणूस आपली फौज उचलून क्लबात जातो आणि तिथे समोर कुणीतरी सापडतंच. निपाणी, चिकोडी, खानापूर या बाजूला समोरचा खेळाडू तुम्हालाच घडवावा लागतो. शेजारी, मामेभाऊ, ऑफिसातला मित्र यांपैकी कुणीही पहिला डाव खेळायच्या आधी हजारो रुपये घालणार नाही आणि दोन महिने रंगवत बसणार नाही. त्याच्या हाती तयार, रंगवलेली फौज दिलीत तर तो अर्ध्या तासात फासे टाकायला लागतो. तुमच्याकडे २००० पॉइंट्स असतील आणि समोर कुणीच नसेल, तर ते शोकेस झालं. म्हणून पहिलं लक्ष्य ठरवा: एकमेकांना तोडीस तोड दोन फौजा, एक पट, पाच-सहा टेरेन (डोंगर, भिंती, झाडी असे पटावरचे तुकडे), आणि हे सगळं एका पेटीत मावणारं.

खेळ कोणता, हे यावरूनच ठरतं. ‘एज ऑफ सिग्मार’ या खेळाच्या २०२४ च्या चौथ्या आवृत्तीसोबत ‘स्पिअरहेड’ हा छोटा प्रकार आला. त्यात एक बॉक्स म्हणजे एक तयार फौज. यादी जुळवायची भानगड नाही. पट ३० × २२ इंचांचा, डाव ४ राउंडचा. दोन बॉक्स घेतले की दोन्ही बाजू झाल्या. हात आखडता असेल तर ‘वन पेज रूल्स’चा ‘एज ऑफ फँटसी: स्कर्मिश’ बघा. मूळ नियम मोफत आहेत, कुठल्याही कंपनीची मिनिएचर चालते, एका बाजूला ५ ते १५ आकृत्या पुरतात. दोघे आळीपाळीने एकेक आकृती हलवतात, त्यामुळे पाहुण्याला हात बांधून बसावं लागत नाही. रांगा लावून लढणाऱ्या पलटणी आवडत असतील तर ‘किंग्ज ऑफ वॉर’. तिथे एकेक शिपाई मरत नाही. पलटणीला झालेले घाव मोजायचे आणि ती टिकते की पळते ते फाशांवर ठरवायचं. ‘द ओल्ड वर्ल्ड’ हा रांगांचाच जुना खेळ २०२४ मध्ये परत आला, देखणाही आहे, पण आकृत्या खूप लागतात आणि नियमही जड. पहिला खेळ म्हणून तो सुचवणार नाही.

दोन फौजा निवडताना एक मोजक्या, चिवट आकृत्यांची घ्या आणि दुसरी गर्दीची. चिलखती बुटके किंवा सरदार एका बाजूला, हाडांचे सांगाडे किंवा गॉब्लिन दुसऱ्या बाजूला. पाहुण्याला नेहमी मोजक्या आकृत्यांची फौज द्या. दहा आकृत्या सांभाळणं सोपं जातं, आणि एखादी चूक झाली तरी चिलखत तारून नेतं. पॉइंट्स समान असले म्हणजे खेळायची अडचणही समान असते असं नाही. गर्दीची फौज हलवायला सराव लागतो, ती स्वतःकडे ठेवा. सांगाड्यांची बाजू घ्यायला आणखी एक कारण आहे: रंगवायला याहून सोपं काही नाही.

आता पट. याच्याकडे लोक शेवटी बघतात आणि डाव तिथेच बिघडतो. स्पिअरहेडचा ३० × २२ इंच हा पूर्ण खेळाच्या ६० × ४४ इंचांचा बरोबर चौथा हिस्सा आहे. ८ × ४ फुटी प्लायच्या एका शीटमधून ३० × २२ चे सहा तुकडे निघतात: लांबीत तीन, रुंदीत दोन, करवतीची जाडी जाऊनही पट्टी उरते. आज एक तुकडा वापरा. पुढे कधी २००० पॉइंट्सपर्यंत पोचलात तर चार जोडून पूर्ण टेबल होतं, उरलेल्या दोनांवर टेरेन बसवता येतं. प्लाय ९ मिमीचा घ्या. ६ मिमीचा हलका खरा, पण पहिल्याच पावसाळ्यात पातेल्याच्या झाकणासारखा उचलला जातो. कापून तिथेच घ्या, वखारीत सरळ कापतात. मग दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना प्रायमर द्या. फक्त वरच्या बाजूला रंग-फेविकॉल लावला की ती बाजू सुकताना आक्रसते आणि फळी वाकते. खालची बाजू कोरी ठेवणं हेच त्याचं कारण असतं. चार तुकडे जोडताना खाली ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीची रबरी मॅट टाका, म्हणजे सरकत नाहीत.

वरचा पोत: एक भाग फेविकॉल, एक भाग पाणी, त्यावर चाळलेली वाळू. चहाच्या गाळणीतून पडेल तेवढीच बारीक हवी. जाड खड्यांवर मिनिएचर डुगडुगतात. खानापूरकडची जांभ्याची लाल माती सुरेख दिसते, पण आधी कढईत कोरडी भाजून घ्या. तशीच लावली तर पावसात बुरशी धरते. सुकल्यावर वरून पातळ फेविकॉल, एकास तीन पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, स्प्रे बाटलीने मारा. साबण नसेल तर पाणी वाळूवर थेंब होऊन बसतं, आत झिरपत नाही. छापील कापडी पटही चालतो. फ्लेक्स मात्र चकाकतो, दिव्याखाली डोळ्यांवर येतो, आणि एकदा घडी पडली की जात नाही. कापडाला इस्त्री करता येते.

टेरेनच्या बाबतीत आपल्याकडच्या लोकांचा हात आधीच बसलेला असतो. दिवाळीत गल्लीगल्लीत किल्ले करणाऱ्यांना कडा, बुरूज, तटबंदी, पायवाट शिकवावी लागत नाही. फक्त तीन सवयी बदलाव्या लागतात.

पहिली उताराची. दिवाळीच्या किल्ल्याला दिसण्यासाठी तिरके कडे करतात. खेळाच्या डोंगरावर मिनिएचर उभं राहायला हवं, तिरक्या उतारावर ते घसरतं आणि मग ‘तो वर होता की खाली’ यावर वाद. म्हणून डोंगर पायऱ्यांचा करा: प्रत्येक पायरी १ इंच उंच आणि निदान ३५ मिमी रुंद, म्हणजे ३२ मिमीचा बेस (आकृतीच्या पायाखालची चकती) टेकतो. दुसरी मातीची. माती सुकून तडकते, वजन वाढतं, उचलताना कोपरे गळतात. माती सोडा, थर्माकोल किंवा टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला फोम वापरा. त्यावर स्प्रे पेंट थेट मारू नका, फेविक्विकही लावू नका. दोन्ही थर्माकोल वितळवतात. आधी वर्तमानपत्राचे तुकडे फेविकॉलने चिकटवा किंवा भिंतीची पुट्टी फेविकॉल मिसळून लावा, ती पूर्ण सुकू द्या, मगच रंग. तिसरी प्रमाणाची. बाजारातले मातीचे मावळे २८ मिमीच्या आकृतीशेजारी राक्षस दिसतात. पण तोच मावळा राखाडी रंगवून, कोरडा ब्रश फिरवून, पायाशी थोडं शेवाळ लावून उभा केला तर पडक्या दगडी पुतळ्याचं काम छान करतो. जिंकण्याची जागा (जी ताब्यात ठेवायची ती) म्हणून पटाच्या मध्यावर तो शोभतोही.

३० × २२ च्या पटावर किती टेरेन? मध्यभागी एक मोठा आडोसा, निदान ५ इंच उंच, ज्यातून पलीकडचं दिसूच नये. दोन मध्यम: पडकी भिंत, झाडी. दोन-तीन बारीक: कुंपण, खडक, गाडा. एकूण पटाचा चौथा ते तिसरा हिस्सा झाकला गेला पाहिजे. त्याहून कमी असेल तर तिरंदाज जागेवर उभे राहून सगळा डाव जिंकतात, आणि नवखा पाहुणा ‘हा तर नुसता फाशांचा खेळ’ म्हणून उठतो. दोन टेरेनमधली फट तुमच्या सगळ्यात मोठ्या बेसपेक्षा थोडी जास्त ठेवा. १३० मिमीचा राक्षस असेल तर ५ इंचांहून जास्त, नाहीतर तो कोपऱ्यातच उभा राहतो. झाडीच्या जमिनीसाठी वापरलेली चहापूड उत्तम, पण उन्हात दोन दिवस कडक वाळवलेली. गवतासाठी नारळाचा काथ्या अर्ध्या इंचाचा कापून हिरव्या रंगात बुडवा. भुसा रंगवून केलेलं गवत स्वस्त पडतं, पण त्यावर पातळ फेविकॉलचा हात हवाच, नाहीतर सगळं झडून बेसवर चिकटतं.

आता मिनिएचर. स्प्रूवरून (भाग अडकलेले असतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवरून) कापताना निप्पर भागाला अगदी लागून चालवू नका. एक मिलिमीटर सोडा आणि उरलेलं ब्लेडने तासा. जवळून कापलं की प्लास्टिक ताणून पांढरं पडतं, कधी खड्डाही पडतो. साच्याची रेष ब्लेडची पाठ फिरवून खरवडा. ती राहिली तर ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने वरवर रंग) करताना नेमकी उठून दिसते. जोडायला प्लास्टिक असेल तर पॉलिस्टायरीन सिमेंट. ते दोन्ही कडा विरघळवून एक करतं. रेझिन किंवा धातूवर त्याचा काहीच उपयोग नाही, तिथे फेविक्विक. फटी भरायला एम-सील चालतं, पण ते रवाळ असतं आणि लवकर घट्ट होतं. वाटाण्याएवढंच मळा आणि ओल्या बोटाने दाबा. चेहऱ्यावर किंवा झग्याच्या घडीवर ते वापरू नका.

प्रायमरचं वेळापत्रक हवामानाने ठरतं, तुमच्या सवडीने नाही. बेळगाव पावसाळ्यात दमट, खानापूर त्याहून दमट. अशा हवेत स्प्रे मारला की हवेतली वाफ रंगात अडकते आणि आकृतीवर पांढुरका धुरकट थर येतो. वार्निश मारताना तर हमखास. म्हणून वर्षाची सगळी स्प्रेकामं मृगाआधी उरकून घ्या. उलट टोक एप्रिलच्या दुपारचं: रंग आकृतीपर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरखरीत होतो. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत मारा. डबा दोन मिनिटं नीट हलवा, २० ते २५ सेंटीमीटरवरून झर्रकन दोन पातळ हात, मध्ये दहा मिनिटं. गाड्यांचा स्वस्त स्प्रे वापरणार असाल तर आधी रिकाम्या स्प्रूवर मारून बघा. काहींतला थिनर प्लास्टिकचे बारीक तपशील खातो. पावसाळ्यात नवीन आकृत्या आल्याच तर ब्रशने लावायचं ॲक्रिलिक प्रायमर घ्या आणि ४८ तास हात लावू नका. वार्निश धुरकट झालंच असेल तर फौज फेकून देऊ नका; कोरड्या दिवशी ब्रशने ग्लॉस वार्निशचा पातळ हात दिला की बहुतेक वेळा धूर विरतो, मग वर पुन्हा मॅट.

दोन फौजा लांबूनच वेगळ्या दिसायला हव्यात, म्हणून फरक प्रायमरपासूनच ठेवा. सांगाड्यांना फिकट हाडाचा रंग, त्यावर तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), सुकल्यावर मूळ रंगाचा ड्रायब्रश, हत्यारांना काळपट चंदेरी, डोळ्यांत काळा थेंब. झालं. बुटक्यांना काळा प्रायमर, वरून एकाच दिशेने राखाडीचा फवारा, चिलखताला धातूचा रंग, कापडाला एकच ठळक रंग. एका फौजेत तीन मुख्य रंगांच्या वर जाऊ नका. कॅमल, फेविक्रिलचे ॲक्रिलिक टेरेनला भरपूर झाले, बेसलाही चालतात. चेहरा, चामडं, कापड यांसाठी मात्र मिनिएचरचेच रंग घ्या. त्यातली पूड बारीक असते, दोन पातळ हातांत झाकतं. जाड रंग नुसत्या पाण्याने फार पातळ केला की बंध सुटतो आणि सुकल्यावर डाग पडतात. थोडं ॲक्रिलिक मीडियम मिसळा. मूर्तिकार वापरतात ती सोनेरी पावडर गणपतीच्या मुकुटावर झळाळते, पण २८ मिमीच्या चिलखतावर वाळू शिंपडल्यासारखी दिसते. ओल्या पॅलेटसाठी (ज्यावर रंग लवकर सुकत नाही) चपटा डबा, तळाला ओलं स्पंज कापड, वर बेकिंगचा बटर पेपर. मेणाचा कागद पाणी वर येऊ देत नाही, तो नको. पावसाळ्यात पाणी रोज बदला, नाहीतर पॅलेटला वास मारतो.

परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्काचा हिशेब आधी करा. खेळण्यांवरचा मूळ दर २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाला होता. ऑर्डर देण्याआधी सध्याचा दर आणि पार्सल कोणत्या वर्गात धरलं जाईल ते विचारा. भारतातल्या विक्रेत्याकडे छापील किंमत जास्त वाटली तरी अनेकदा तोच सौदा स्वस्त पडतो. दुसरी वाट रेझिन प्रिंटिंगची, म्हणजे द्रव रेझिनपासून आकृत्या छापण्याची. डिझाइन विकत घ्या, वैयक्तिक वापराचा परवाना वाचा आणि ज्या खेळात कुठलीही आकृती चालते तिथे बिनधास्त वापरा. आधारासह एका पायदळी आकृतीला साधारण १० ग्रॅम रेझिन जातं. आपल्याकडे गडबड होते ती डिसेंबर-जानेवारीत: खोली २० अंशांखाली गेली की रेझिन घट्ट होतं, थर प्लेटला धरत नाहीत, आकृती टाकीतच राहते. बाटली कोमट पाण्यात ठेवा, खोली गरम करा किंवा दुपारी छापा. नायट्राइल हातमोजे, उघडी खिडकी आणि मास्क यांत सूट नाही. छापलेल्या आकृत्या ज्यात धुतल्या ते अल्कोहोल मोरीत ओतू नका. पारदर्शक बरणीत उन्हात ठेवा, रेझिन घट्ट होऊन तळाला बसतं, वरचं गाळून पुन्हा वापरा.

बेस गोलच ठेवा, २५ किंवा ३२ मिमी. पलटणीचा खेळ खेळायचा झाला तर गोल खाचांचा चौकोनी ट्रे करून घेता येतो. उलटं जमत नाही. ट्रे कापायच्या आधी मात्र त्या खेळाचं माप बघा: ‘किंग्ज ऑफ वॉर’मध्ये माणसाचा शिपाई २० मिमी चौकोनावर, २० जणांची पलटण १०० × ८० मिमी; ‘ओल्ड वर्ल्ड’मध्ये तोच शिपाई २५ मिमीवर. नावाच्या पाट्या आणि ट्रॉफ्या करणाऱ्यांकडे लेझर कटर असतो. कोरलड्रॉची फाइल दिली की शंभर बेस एका बैठकीत निघतात. ३ मिमी एमडीएफ स्वस्त, पण कडेने ओल पितं आणि फुगतं. आपल्या हवेत ३ मिमी ॲक्रिलिक घ्या.

निपाणी ते बेळगाव बसने न्यायचं तर फोमच्या कप्प्यांपेक्षा चुंबक बरं. प्रत्येक बेसखाली ५ × २ मिमीचा निओडिमियम चुंबक, जड राक्षसाला ८ × ३ चे दोन. सगळ्यांचा ध्रुव एकाच दिशेला ठेवा, आधी पेनने खूण करा. आणि पेटी घ्यायला जाताना एक चुंबक खिशात न्या. स्वयंपाकघरातला स्टेनलेस डबा बहुधा चुंबकाला धरत नाही. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याची पेटी धरते. बेळगावच्या उद्यमबागेत शीट-मेटलची कामं करणाऱ्या कुणाकडूनही दोन कप्प्यांची पेटी मापाने करून मिळते. वरच्या कप्प्याची उंची भाल्याच्या टोकासकट सगळ्यात उंच आकृतीपेक्षा २ सेंटीमीटर जास्त ठेवा. आत सिलिका जेलच्या चार पुड्या टाका, पावसाळ्यात महिन्याला बदला.

पहिल्या डावाच्या आधी पाच मिनिटं टेरेनवर घाला: प्रत्येक तुकड्याकडे बोट दाखवून ‘यातून दिसतं का, चढता येतं का, आडोसा मिळतो का’ हे ठरवून टाका. निम्मी भांडणं इथेच मिटतात. मोजायला शिंप्याचा टेप नको, तो ताणतो. सनबोर्डच्या ३, ६, ९ इंची पट्ट्या कापून दोघांना द्या. प्रत्येक पलटणीचं पोस्टकार्डाएवढं कार्ड करा: चाल, लागणे, जखम, बचाव, एवढेच आकडे, आणि खास नियम मराठीत एका ओळीत. समोरचा कन्नड माध्यमाचा असेल तर आकडे आणि चित्रं पुरतात.

फाशांचं गणित पाहुण्याला खेळताखेळताच सांगा, आधी भाषण नको. दहा बाण, ४+ ला (फाशावर ४ किंवा जास्त पडले की) लागतात, ४+ ला जखम, समोरच्याचा बचाव ५+ ला: दहाचे पाच, पाचाचे अडीच, आणि बचावानंतर उरतात दीड-पावणेदोन. नवख्याला पाच मरतील असं वाटत असतं, म्हणून तो सगळी फौज तिरंदाजांवर उधळतो. चार्जचंही (दोन फाशांवर पडतील तितके इंच धावून शत्रूला भिडण्याचंही) तसंच: दोन फाशांवर ७ किंवा जास्त पडण्याची शक्यता ५८ टक्के, ८ ची ४२, ९ ची फक्त २८. म्हणजे ९ इंचांवरून चार्ज ही चारातली जेमतेम एक संधी. ती पलटण गमवायची तयारी असेल तरच ही संधी घ्यायची. आधी एक राउंड पुढे सरका, ६ इंचांवर या, मग धावा.

पहिल्या डावाला अडीच-तीन तास लागतील, नियम बघण्यातच अर्धा वेळ जाईल. वेळ कमी असेल तर राउंड कापू नका, दोन्हीकडच्या आकृत्या कमी करा. जिंकण्याच्या जागा शेवटच्या दोन राउंडमध्येच पालटतात, आणि दुसऱ्या राउंडला उठलेल्या पाहुण्याला खेळ कळलेलाच नसतो. चार-पाच डाव झाले की कोणती फौज वारंवार हरते ते दिसेल. पुढची खरेदी तिच्यासाठी करा, आवडत्या फौजेसाठी नाही. आणि पाहुण्याने स्वतःची फौज घ्यायची म्हटलं, तर त्याला तुमच्याच बेसच्या मापाची घ्यायला सांगा.